डॉक्टर मागितला, पॅरामेडिक मिळाला

तुमचा प्रश्न असा आहे: आई-बाबा पाच महिन्यांसाठी तुमच्याकडे इंग्लंडमधल्या रेडिंगला आलेत. बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह आणि बीपी दोन्ही आहे, आणि तीन आठवडे झाले तरी खोकला हटत नाहीये. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, फोन केला तर रिसेप्शनवरच्या बाईंनी 'पॅरामेडिक'ची वेळ दिली. बाबा म्हणतात, "ॲम्ब्युलन्सवाल्याला काय दाखवायचं? आपण पाहुणे म्हणून टोलवतायत." तर ही वेळ रद्द करून डॉक्टरच हवा असा हट्ट धरावा का?

रद्द करू नका. जा. मी स्वतः पॅरामेडिकचंच काम करते, तेव्हा माझं मत एकतर्फी वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. आठ वर्षं ॲम्ब्युलन्सवर काढली, गेली पाच वर्षं मिडलँड्समधल्या एका जीपीच्या दवाखान्यात आहे. माहेर सांगलीचं. त्यामुळे बाबा नेमके कुठे अडलेत ते मला कळतं. माझ्या सासऱ्यांनी हाच प्रश्न मला तोंडावर विचारला होता: "म्हणजे तू कंपाउंडर का गं?"

अडचण शब्दात आहे. आपल्याकडे 'पॅरामेडिकल' म्हटलं की डोळ्यासमोर डीएमएलटी केलेला लॅबवाला येतो, एक्स-रे काढणारा येतो, फार तर ड्रेसिंग करणारा. आणि ॲम्ब्युलन्सचं म्हणाल, तर महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ची सेवा आहे, तिची मांडणीच गाडीत डॉक्टर बसवायचा अशी आहे. साहजिकच आपल्या डोक्यात बसलेलं असतं की निर्णय डॉक्टर घेतो आणि बाकीचे स्ट्रेचर धरतात. इंग्लंडमध्ये ९९९ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला की येणाऱ्या गाडीत सहसा डॉक्टर नसतोच. ईसीजी वाचणं, औषध टोचणं, कुणाला हॉस्पिटलात न्यायचं आणि कुणाला चहा पाजून घरीच ठेवायचं, हे सगळं पॅरामेडिक ठरवतो. रात्री तीन वाजता, कुणाच्या तरी जिन्यात गुडघ्यावर बसून. 'पॅरामेडिक' हे नाव इथे कायद्याने राखीव आहे, हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या यादीत नोंद असल्याशिवाय कुणालाही ते लावता येत नाही. ही यादी ऑनलाइन खुली आहे, बाबांना शंका असेल तर नाव टाकून बघू द्या. २०२१ पासून नव्याने शिकायला लागणाऱ्यांना पदवीच करावी लागते. जीपीकडे काम करणारे बहुतेक जण त्यावर आणखी शिकलेले असतात. काहींकडे स्वतंत्रपणे औषध लिहून देण्याचा अधिकार असतो, तो कायदा २०१८ला झाला.

'टोलवतायत' या शंकेत मात्र थोडं तथ्य आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पाहुणे म्हणून कुणी टोलवत नाहीये. जीपीकडे नाव नोंदवायला व्हिसाचा प्रकार आड येत नाही, आणि तिथली तपासणी सगळ्यांनाच मोफत आहे. खरी गोष्ट ही की डॉक्टर पुरत नाहीत. २०१९ला सरकारने शेजारशेजारच्या दवाखान्यांची जाळी बांधली, साधारण तीस ते पन्नास हजार रुग्णांमागे एक, आणि त्या जाळ्यांना फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट वगैरे नेमायला वेगळा पैसा दिला. पॅरामेडिक त्यात २०२१ला आले. गंमत म्हणजे त्याच पैशातून जीपी नेमायची मुभा २०२४च्या ऑक्टोबरपर्यंत नव्हती. म्हणजे डॉक्टर हवा असला तरी त्या थैलीतून तो विकत घेता येत नव्हता, आम्ही येत होतो. माझी नोकरी याच हिशेबातून निर्माण झाली. पण नोकरी कशी निर्माण झाली हा एक प्रश्न आणि बाबांच्या खोकल्यासाठी मी योग्य माणूस आहे का हा दुसरा, आणि तुम्हाला दुसऱ्याचं उत्तर हवंय.

ॲम्ब्युलन्सने मला एकच गोष्ट पक्की शिकवली: समोरचा माणूस आज, आत्ता, किती आजारी आहे. ही पारख दवाखान्यात फार उपयोगी पडते, कारण सकाळच्या यादीत तीस जण 'आजच दाखवायचंय' म्हणणारे असतात आणि त्यातले एक-दोन खरोखर धोक्यात असतात. वेटिंग रूमपासून माझ्या खोलीपर्यंत वीसेक पावलं आहेत. स्क्रीनवर नाव झळकवायची सोय आहे, तरी मी मुद्दाम बाहेर जाऊन हाक मारते आणि सोबत चालत येते. चालता चालता "पार्किंग मिळालं का?" असं काहीतरी विचारते. पार्किंगशी मला काही घेणं नसतं. माणूस चालताना पूर्ण वाक्य बोलतो की मध्येच श्वासासाठी थांबतो, ओठांचा रंग कसा आहे, भिंतीचा आधार घेतोय का, खुर्चीत बसतो की कोसळतो, हे बघायचं असतं. खोलीत आल्यावर मनगट धरते. रुग्णाला वाटतं नाडी बघतेय. नाडी मशीनही सांगतं, मी मिनिटभर श्वास मोजत असते. 'श्वास मोजतेय' असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून सांगत नाही. श्वास, ऑक्सिजन, नाडी, बीपी, ताप आणि शुद्ध, या सहांवरून एक गुणांक निघतो, जितका जास्त तितका माणूस जास्त आजारी, आणि तो अख्ख्या एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, एकाच अर्थाने वाचला जातो. मी फोनवर 'सात' म्हटलं की हॉस्पिटलमधला माणूस ताठ बसतो.

तेव्हा खोकला, ताप, कान, घसा, छातीतला कफ, लघवीची जळजळ, पडल्याझडल्याचं, पुरळ, चक्कर, जुलाब, म्हणजे जे नवीन आहे, जे गेल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुरू झालंय, ते आमचं काम. डॉक्टरच्या दहा मिनिटांच्या जागी माझ्याकडे पंधरा मिनिटं असतात, हाही फायदाच. शंका आली तर शेजारच्या खोलीत त्या दिवसाचे देखरेखीचे डॉक्टर असतात. मी दार वाजवते, दोन वाक्यांत केस सांगते, कधी ते उठून येतात आणि स्वतः छाती ऐकतात. म्हणजे पॅरामेडिकची वेळ घेतली की डॉक्टर सुटला, असं होत नाही.

आता मी कुठे कमी पडते ते. जुनं, गुंतलेलं, महिनोन्महिने चाललेलं दुखणं ही जीपीची विद्या आहे. आम्ही माणसाचा आजचा फोटो काढतो, जीपीला अख्खा सिनेमा आठवत असतो. दवाखान्यात आल्यावर पहिल्याच वर्षी मी यात तोंडावर आपटले. एक साठीचे गृहस्थ, तक्रार 'थकवा आणि पाठ दुखते'. सगळे आकडे उत्तम. मी पाठीचे व्यायाम समजावले, पॅरासिटामॉल सांगितलं, पुढचा पेशंट. संध्याकाळी डॉक्टरांबरोबर दिवसाच्या केसेसचा आढावा असतो, त्यात त्यांनी स्क्रीनवर फक्त मागे-मागे क्लिक केलं. अडीच महिन्यांत तिसरी भेट. तीन वेगवेगळ्या माणसांनी बघितलेलं, तिघांनीही 'आज ठीक' म्हणून सोडलेलं. आणि हिमोग्लोबिन दर वेळी थोडं-थोडं खाली गेलेलं. त्यांना त्याच आठवड्यात तातडीच्या तपासणीला पाठवलं. डॉक्टर मला ओरडले नाहीत, उलट ते जास्त लागलं. ॲम्ब्युलन्समध्ये जुनी पानं उलटायची सवयच नसते, माणूस पहिल्यांदाच भेटतो आणि पुन्हा भेटत नाही. तेव्हापासून दार उघडायच्या आधी मी मागच्या तीन नोंदी वाचते, आणि तीच तक्रार घेऊन कुणी तिसऱ्यांदा आलं की काही न बोलता डॉक्टरांकडे नेते. २०२५ला इंग्लंडमधल्या सगळ्या दवाखान्यांसाठी याच विचाराचा 'जेसचा नियम' आला: तीनदा येऊन निदान लागत नसेल किंवा त्रास वाढत असेल, तर थांबा आणि मुळापासून पुन्हा विचार करा. तुम्हीही तो लक्षात ठेवा. तिसऱ्या खेपेला "ही तिसरी वेळ आहे, जीपींनी बघावं असं वाटतं" एवढं वाक्य फोनवर म्हणायला कुणाची भीड बाळगायची नाही.

कागदपत्रांतल्या मर्यादा पटकन सांगते. नोकरीसाठी लागणारी आजारपणाची 'फिट नोट' पॅरामेडिक देऊ शकत नाही. २०२२पासून नर्स, फार्मासिस्ट, फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट देऊ शकतात, आम्ही नाही. का ते विचारू नका, आम्हीही विचारून दमलो. मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरच देतात. ज्याच्याकडे प्रिस्क्रिप्शनचा अधिकार नाही तो पॅरामेडिक औषध सुचवतो आणि सही डॉक्टर करतात, त्यात अर्धा-एक तास जातो एवढंच. एक्स-रे लिहिण्याचा अधिकार काही ठिकाणी आम्हाला असतो, काही ठिकाणी नसतो. तान्ही बाळं आणि गरोदर बायका यांच्याबद्दलही प्रत्येक दवाखान्याचा नियम निराळा. म्हणूनच 'पॅरामेडिक चांगला की वाईट' याला सरसकट उत्तर नाही. कुठला दवाखाना, त्या माणसाला किती वर्षं झाली, मागे डॉक्टर उभा आहे की नाही, यावर बरंच अवलंबून आहे. एखाद्या ठिकाणी नवख्या पॅरामेडिकला एकट्याला बसवून डॉक्टर दुसऱ्याच इमारतीत असतील, तर तुमच्या जागी मीही कुरकुर केली असती. "तुम्ही औषध लिहून देता का, आज देखरेखीला कोण डॉक्टर आहेत?" हे विचारण्यात काही उद्धट नाही. उत्तर अडखळत आलं तर तुम्हाला कळेलच.

आणखी एक काम आम्ही करतो ज्याची कुणाला फारशी कल्पना नसते: घरी जाऊन बघणं. दुपारची माझी अर्धी यादी तीच असते. मागे एका मराठी आजींकडे गेले होते, मुलीकडे कायमच्या राहायला आलेल्या. फोनवरची तक्रार होती 'अशक्तपणा, गरगरतं'. नाडी ४२. बीपी ९८ वर ५६. रेकॉर्डवर एकच हृदयाची गोळी, बिसोप्रोलॉल, इथल्या डॉक्टरांनी दिलेली, डोसही माफक. आकडे आणि औषध यांचा मेळ बसेना. "गोळ्या कुठे ठेवता?" विचारलं तर आजींनी स्वयंपाकघरातून मिसळणाचा डबा आणला. स्टीलचा, सात वाट्यांचा. मोहरी-हळदीच्या जागी वाटीवाटीत गोळ्या, मधल्या वाटीत सुपारी. एका वाटीत इथली बिसोप्रोलॉल आणि शेजारच्या वाटीत गावाकडून वर्षभराच्या आणलेल्या 'मेट एक्सएल'च्या गोळ्या, म्हणजे मेटोप्रोलॉल. दोन्ही एकाच जातीच्या, दोन्ही नाडी मंद करणाऱ्या. आजी दोन्ही घेत होत्या, कारण एक 'तिकडच्या डॉक्टरांची' होती आणि एक 'इकडच्या', आणि दोन्ही डॉक्टर चांगले होते. त्यांचं तर्कशास्त्र बिनचूक होतं! तिथेच ईसीजी काढला, डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळ्या थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटलात तपासून घ्यायला सांगितलं. आठवड्याने पुन्हा गेले तेव्हा नाडी ६६ होती आणि आजी थालीपीठ थापत होत्या. दवाखान्यातल्या खुर्चीत बसून तो डबा कुणालाच दिसला नसता, कितीही मोठा डॉक्टर असो.

म्हणून बाबांच्या बाबतीत पहिलं सांगणं हेच: गोळ्यांची नावं तोंडी सांगू नका, सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. आपल्याकडच्या ब्रँडची नावं इथल्या कॉम्प्युटरला कळत नाहीत, आणि आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन औषधं असतात. ग्लायकोमेट जीपी घेतात का बघा, त्या 'जीपी'चा इथल्या जीपीशी संबंध नाही. मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे असा त्याचा अर्थ, आणि आजारपणात जेवण कमी झालं की त्या ग्लिमेपिराइडने साखर खाली येऊ शकते. खोकल्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची बीपीची गोळी. ती कार्डेस, म्हणजे रॅमिप्रिल असेल, तर कोरडा, घशात खवखवणारा खोकला त्या गोळीनेच येऊ शकतो, सुरू करून महिने झाले असले तरी. अशी माणसं महिनोन्महिने कफ सिरप पीत बसतात. गोळी बदलली की काही आठवड्यांत खोकला जातो. टेल्मा, म्हणजे टेल्मिसार्टन असेल तर तिच्यावर संशय बराच कमी. पण कुठलीच गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी दाखवा.

दुसरं, तीन आठवडे हा आकडा ठळकपणे सांगा, आणि भारतातून कधी आलात तेही. तीन आठवड्यांपेक्षा लांबलेला खोकला, त्यात भारतातून आलेला मधुमेही माणूस, म्हणजे माझ्या डोक्यात टीबी येणारच. हे ऐकून घरात रडारड नको. बहुतेकदा व्हायरल नंतर उरलेला खोकला असतो, किंवा ॲसिडिटी, किंवा ती गोळी. पण विचार व्हायला हवा आणि छातीचा एक्स-रे बहुधा सुचवला जाईल. वजन उतरलंय का, रात्री घामाने गादी ओली होते का, थुंकीत रक्त दिसलं का, झोपल्यावर दम लागून उठून बसावं लागतं का, पायाला सूज आहे का, सिगारेट किंवा तंबाखू कधी होती का, याची उत्तरं आधीच बाबांकडून काढून ठेवा. तंबाखूचं खरं उत्तर मुलापुढे येत नाही, हे मला अनुभवाने माहीत आहे. तेव्हा दोन मिनिटं तुम्ही खोलीबाहेर जा. भाषेचा प्रश्न असेल तर दुभाषी मागता येतो, तो मोफत असतो, फक्त वेळ ठरवतानाच सांगावं लागतं. तुम्ही भाषांतर करणार असाल तर बाबांचे शब्द जसेच्या तसे सांगा. 'छातीत भरून येतं' आणि 'छातीत कळ येते' या दोन्हीचं तुम्ही 'चेस्ट पेन' केलंत तर माझी पंधरा मिनिटं भलतीकडेच जातील.

पैशांचंही बोलून ठेवते, कारण पाहुण्या आई-बाबांच्या बाबतीत खरी धाकधूक तीच असते. पाच महिने राहणार असतील तर तात्पुरती नोंद न करता नेहमीची नोंद करून घ्या, तात्पुरती तीन महिन्यांपर्यंतच असते. दवाखान्यातली भेट, मग ती डॉक्टरची असो की माझी, मोफत. ॲम्ब्युलन्स आणि ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागातली तपासणीही मोफत. तिथून दाखल करून घेतलं, किंवा पुढे हॉस्पिटलच्या ओपीडीत पाठवलं, की व्हिजिटर व्हिसावाल्यांना बिल लागू होतं, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. टीबीची तपासणी आणि उपचार मात्र सगळ्यांना मोफत आहेत, व्हिसा कुठलाही असो. तेव्हा 'टीबी निघाला तर खर्च किती' या भीतीने खोकला लपवू नका. ट्रॅव्हल इन्शुरन्सचे कागद बाहेर काढा आणि 'आधीपासूनचे आजार' या कलमात मधुमेह नि बीपी बसतात का, ते आजच वाचा.

आणि दिलेल्या वेळेची वाट बघायची नाही अशा काही गोष्टी: बोलताना दम लागणं, छातीत दडपण किंवा कळ, ओठ निळसर, गोंधळल्यासारखं वागणं, खोकल्यातून नुसता ठिपका नव्हे तर खरंच रक्त पडणं. यातलं काही झालं तर रिसेप्शनला फोन करत बसू नका, थेट ९९९. मधुमेही माणसाला हार्ट अटॅकमध्ये छाती न दुखता नुसता घाम आणि 'पित्त झाल्यासारखं' वाटू शकतं, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा. धोक्याचं वाटत नाही पण रात्र काढवत नाही अशा वेळी १११ला, म्हणजे एनएचएसच्या सल्ल्याच्या हेल्पलाइनला, फोन करा.

भेट झाल्यावर निघताना एकच विचारा: "किती दिवसांत बरं वाटलं नाही तर परत यायचं, आणि कुणाकडे?" याचं नेमकं उत्तर, दिवसांचा आकडा धरून, मिळालं नाही तर खुर्चीतून उठू नका. मी तर ते कागदावर लिहून देते, कारण गाडीत बसेपर्यंत निम्मं विसरायला होतं.

आणि हो, इथे जीपीच्या दवाखान्यालाच 'सर्जरी' म्हणतात, पण बाबांना 'उद्या सर्जरीला जायचंय' असं इथल्या पद्धतीने सांगू नका. माझ्या सासऱ्यांनी ते ऐकून आदल्या रात्रीपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. दवाखान्यात जायचंय म्हणा.